अत्तरवाल्याच्या घरातली ढेप

आमच्या घरात दोन धंदे चालतात आणि दोन्ही वासाचे. अब्बा अत्तर विकतात, मी माशांचं खाद्य बनवतो. अब्बांच्या धंद्याबद्दल बोलताना माझी मान आपोआप ताठ होते. माझ्या धंद्याबद्दल कुणी विचारलं की मी आधी "गॅरेज होतं माझं" असं सांगतो, आणि समोरचा फारच खोदून विचारायला लागला तर मग हळूच ढेपीवर येतो.

गॅरेज होतं हे खोटं नाही. वणीत कोळशाचे ट्रक आहेत तोवर मेकॅनिकला मरण नाही, असं सगळे म्हणायचे. मरण नव्हतंच, पण गिअरबॉक्स उतरवून उतरवून पाठीचा मणका घसरला आणि डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे वाकायचं नाही. न वाकणारा मेकॅनिक कुणाच्या कामाचा? गॅरेज दुसऱ्याला दिलं आणि मी अंगणात खाट टाकून पडून राहिलो. येणारा-जाणारा विचारायचा, मी सांगायचो, तो चुकचुकायचा. त्या चुकचुकण्याचा मला फार राग यायचा.

माशांकडे मला माझ्या मेहुण्याने ओढलं. मुकुटबनकडे त्याचं शेत आहे आणि शेतात शेततळं आहे. कपाशीला पाणी द्यायचं म्हणून खोदलेलं, पण पाणी आहेच तर मासोळी टाकू म्हणून त्याने रोहू आणि कटल्याची पिल्लं सोडली. बाजारातलं तयार खाद्य त्याला परवडेना. "माहीवाली मासोळी माह्यापेक्षा महाग जेवते," असं तो म्हणायचा. मग त्याने आमच्या भागातला कुणीही माणूस करील तेच केलं. म्हशीला घालतात ती सरकीची ढेप भिजवून तळ्यात टाकली. आमच्याकडे कपाशी पिकते, सरकीचं तेल निघतं आणि राहिलेल्या ढेपीवर, म्हणजे पेंडीवर, सगळ्या गोठ्यांचा विश्वास असतो. माशांचा तो विश्वास नव्हता. ती पिल्लं वाढेनात, सुस्त होऊन काठाशी पडून राहायची.

मी रिकामाच होतो. यवतमाळजवळ लोहाऱ्याला मासेपालनाचं एक प्रशिक्षण होतं, तिथे मेहुण्याच्या वतीने मी गेलो. तिथे कळलं की सरकीत एक द्रव्य असतं ते माशांना बाधतं. सोयाबीनची ढेप त्यापेक्षा बरी, पण ती कच्ची टाकली तर तीही मासोळीला नीट पचत नाही. ती आंबवायची. आंबली की अर्धं पचन ड्रममध्येच होऊन जातं आणि मग सुक्या मासळीची महागडी भुकटी नावाला घातली तरी चालते. मला ही गोष्ट एकदम पटली. सोयाबीन आमच्याकडे ढिगाने पिकतं, ढेप गावात मिळते, आणि या कामात वाकावं लागत नाही.

पद्धत सोपी आहे. ढेप दळायची, गुळाचं पाणी शिंपडायचं, विरजण घालायचं. विरजण म्हणजे ताक आणि खमीर मिळून केलेलं, दर खेपेला थोडं मागे ठेवायचं. ढेप मुठीत धरली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, एवढीच ओल. मग निळ्या ड्रममध्ये दाबून दाबून भरायची, हवा राहू द्यायची नाही, झाकण घट्ट लावायचं. जमली की ताकासारखा आंबट आणि थोडा बेकरीच्या दारात येतो तसा वास येतो. मग तांदळाचा कोंडा आणि मक्याची भरड मिसळून शेवया पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. शेवया पाडायला मी एका कसायाची मोडकी किमा मशीन घेतली, तिला मोटर बसवली आणि पहिल्यांदा ती फिरली तेव्हा एखादं इंजिन सुरू झाल्यासारखा मला आनंद झाला.

मासोळी ते खाद्य खाऊ लागली, वाढू लागली. मेहुण्याच्या शेजारच्या तळ्यांवरूनही मागणी आली. सगळं बरं चाललं होतं, फक्त माझ्या अंगाला वास येत होता.

जमलेल्या ढेपीचा वास वाईट नाही, हे मी आजही भांडून सांगीन. पण तो ड्रममध्ये वाईट नाही. नखांत, दाढीत, सदऱ्याच्या बगलेत चार दिवस मुरला की तो दुसराच होतो. मी साबण बदलले, बेसन लावलं, लिंबू चोळलं. बायको म्हणायची, "कायले एवढं घासता जी, चामडी निघन." तिला त्याचं काही नव्हतं. मलाही एरवी नसतं. माझा जीव अडकला होता तो शुक्रवारी.

आमच्या गल्लीतल्या मशिदीत पहिल्या सफेत, म्हणजे नमाजेच्या पहिल्या ओळीत, अब्बांची जागा ठरलेली आहे. उजव्या भिंतीकडून सुरुवात. त्यांच्या बाजूची जागा माझी. मी त्यांच्या कमरेएवढा होतो तेव्हापासूनची. नमाजेला खांद्याला खांदा लावून उभं राहायचं असतं, मधे फट ठेवायची नसते. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. मग ढेपीचं काय?

त्यात बाप अत्तरवाला. मशिदीच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. टोप्या, तस्बीच्या माळा, सुरमा हेही ठेवतात, पण नाव अत्तराचं. खस, गुलाब, केवडा, हिना, आणि अनेक अत्तरं मिसळून त्यांनी स्वतः जमवलेला मजमुआ. त्यांचा मजमुआ घ्यायला चंद्रपूरकडचे लोक वाट वाकडी करून येत. शुक्रवारी खुतबा, म्हणजे प्रवचन, सुरू व्हायच्या आधी अब्बा खिशातून एक लहान शीशी काढतात आणि पहिल्या सफेपासून मागच्यांपर्यंत प्रत्येकाच्या मनगटामागे एक एक बोट अत्तर लावत जातात. कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्या वडिलांपासून चालत आलंय. लोक हात नाकाशी नेतात, "वाह चाचा" म्हणतात, आणि मग सगळी ओळ एका वासाची होते. त्या ओळीच्या टोकाला ढेपीचा वास मारत मी उभा.

एका शुक्रवारी मी अत्तरवाल्याच्या पोराने करावा तोच शहाणपणा केला. अंघोळ करून मजमुआ नुसता लावला नाही, थापला. मानेला, दाढीला, बगलेत, सदऱ्याच्या आतून. घरातून निघालो तेव्हा मला वाटलं, जमलं. मशिदीत माणसांच्या उबेत खालून ढेप वर यायला लागली आणि वरून मजमुआ खाली उतरायला लागला आणि दोघांची मधे कुठेतरी गाठ पडली. तो वास वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. माझ्या डावीकडचा माणूस, अब्बांचं जुनं गिऱ्हाईक, जमिनीला कपाळ टेकलेल्या सजद्यातून उठला आणि हळूच अर्धा पाऊल बाजूला सरकला. सफेत फट पडली. त्याने ती पायाने भरायचा प्रयत्न केला आणि नाकाला रुमाल लावला. अब्बा समोर पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला वाटलं, बाप माझ्यासाठी चेहरा सांभाळतोय. माझे कान इतके तापले की पुढे काय म्हटलं तेही मला आठवत नाही.

पुढच्या शुक्रवारपासून मी चंद्रपूर रस्त्यावरच्या मशिदीत जायला लागलो. तिथे ट्रकवाले येतात, डिझेलच्या वासात माझा खपून जातो. अब्बांना सांगितलं की खाद्य पोचवायला त्या बाजूला जावं लागतं. ते म्हणाले, "दूर पडत नाई काय?" मी म्हणालो, "नाई." विषय तिथेच संपला. मला वाटलं होतं ते थोडं तरी विचारतील. विचारलं नाही म्हणजे त्यांनाही हेच हवं होतं, असा अर्थ मी काढला आणि त्यावर बराच काळ जळत राहिलो.

याच सुमारास त्यांनी माझी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. मी मशीद बदलल्यावर थोड्याच दिवसांत रमजानची साफसफाई करताना बायकोने त्यांची घरातली अत्तराची पेटी पुसली होती आणि शीशा परत उंचीप्रमाणे छान लावून ठेवल्या होत्या. अब्बा कुठल्याच शीशीला चिठ्ठी लावत नाहीत, हात जाईल तिथे ती असते. त्यांनी पेटी उघडून पाहिली, बायकोला काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून मी जेवायला बसलो की एखादी शीशी माझ्या नाकाखाली धरायचे.

"पाह्य बरं, हे कोनतं हाये?"

"खस."

"आन् हे?"

"गुलाब."

पहिले काही दिवस मी सांगितलं. मग मला त्यात टोमणा दिसायला लागला. माझं नाक ढेपीने गेलं की अजून शिल्लक आहे, हे म्हातारा तपासतोय. अत्तरवाल्याचा पोरगा असून तू काय होऊन बसला, हे न बोलता सांगतोय. आणि तेही जेवताना. एकदा मी घास खाली ठेवून म्हणालो, "मले काय समजते अब्बा? माह्या नाकात ढेप बसली हाये."

"बरं," ते म्हणाले. "राहू दे." शीशी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

नंतरही त्यांनी अधूनमधून विचारलं. दर वेळी मी हेच उत्तर दिलं. दर वेळी "राहू दे" म्हणून शीशी खिशात गेली. शेवटी त्यांनी विचारणं बंद केलं आणि मी जिंकलो असं मला वाटलं.

मग ती खेप नासली. कारण मीच. विरजण ठेवायचा माझा डबा चिरला होता, आणि अब्बांच्या दुकानातून एक रिकामं भांडं घरी आलेलं होतं. अत्तराचंच, जाड, घट्ट बुचाचं. मी ते दोनदा धुतलं आणि त्यात विरजण ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या घरी असलं भांडं सापडलंच नसतं, त्यामुळे ही चूकही दुसऱ्या कुणाच्या घरी झाली नसती. अत्तर चंदनाच्या तेलात मुरवलेलं असतं, आणि ते तेल धुण्याने जात नाही. ते भांड्याच्या अंगात राहतं आणि ज्या बारीक जिवांनी ढेप आंबवायची, त्यांनाच मारून टाकतं. विरजण मेलं होतं. मी ते मेलेलं विरजण ढेपीत कालवलं, ड्रम भरला, झाकण लावलं आणि निर्धास्त झालो. ढेप आंबली नाही, सडली.

मी सकाळी मेहुण्याकडे गेलो होतो. परत आलो तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच शेजारची बाई पदर नाकाला लावून उभी होती. "काय मेलं तुमच्या अंगनात? नाली तुंबली काय?" म्हणून ओरडली. मी पुढे पळालो. आमच्या दारात पाय ठेवला आणि रुमाल काढून नाकाला लावला. उंदीर मरून आठवडा झाल्यावर येतो तसा वास, त्यात अमोनियाची झणझण. बायको माजघराची दारं लावून आत बसली होती.

आणि ड्रमच्या शेजारी, स्टुलावर, अब्बा चहा पीत बसले होते. झाकण काढलेलं होतं. उजवा हात कोपरापर्यंत ढेपीने माखलेला, काळपट, चिकट. डाव्या हाताने ते खारी चहात बुडवत होते आणि सावकाश खात होते.

"आला काय," ते म्हणाले. "म्या हात घालून पाह्यलं. चांगली गरम झाली हाये. जमली वाटते."

मला मदत करायची म्हणून त्यांनी झाकण उघडलं होतं. मी नाकाला रुमाल धरून उभा होतो आणि तो काढायचं मला सुचलं नाही. त्यांनी माझ्या रुमालाकडे पाहिलं. मग ड्रमकडे. मग आपल्या हाताकडे. खारी त्यांनी बशीत ठेवली.

ते उठले, नळाखाली गेले आणि हात धुवायला लागले. साबण घेतला, परत घेतला, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. धुऊन झाल्यावर हात सवयीने नाकाशी नेला आणि तसाच धरून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं जे मी त्या शुक्रवारी सफेत पाहिलं होतं, म्हणजे काहीच नव्हतं. मग त्यांनी तो हात माझ्याकडे केला.

"गेला काय वास?"

माझे अब्बा. वणीत नाकासाठी ओळखले जाणारे. ते लहान पोरासारखा हात पुढे करून मला विचारत होते. मला इतकी लाज वाटली की ती माझी होती की त्यांची हेही कळेना. मी रुमाल खाली केला, हात हुंगल्यासारखं केलं आणि म्हणालो, "गेला."

गेला नव्हता.

ते कपडे बदलून दुकानात गेले. मी ड्रम हातगाडीवर टाकला, गावाबाहेर नेऊन खड्ड्यात पुरला, अंगण धुतलं. दुपारी त्यांचा डबा घेऊन निघालो. दुकानासमोर पानठेला आहे, तिथे पोचलो आणि थांबलो. दुकानात एक तरुण उभा होता, नवा सदरा, बहुतेक लग्नाची खरेदी. अब्बांनी नेहमीप्रमाणे डाव्या हाताने काचेची काडी शीशीतून काढली आणि उजव्या हाताने त्याचा हात धरला. त्याच हाताने. काडी मनगटामागे फिरवली. पोराने हात नाकाशी नेला आणि एकदम मागे घेतला. त्याने अब्बांकडे पाहिलं, दुकानाकडे पाहिलं. चांगल्या वळणाचं पोरगं असावं.

"राहू द्या चाचा. मी मंग येतो," असं म्हणून तो निघाला आणि पानठेल्याशी येऊन सदऱ्याला मनगट पुसायला लागला.

अब्बा काडी हातात धरून तसेच उभे होते. मग त्यांनी शीशी हुंगली. मग आपला उजवा हात. मग परत शीशी. कशातूनच काही मिळत नव्हतं, तरी ते एकातून दुसऱ्याकडे जात होते. मी डबा घेऊन पाच पावलांवर होतो. मी तिथे जायला पाहिजे होतं. मी गेलो नाही. मी वळलो आणि डबा तसाच घेऊन घरी आलो.

बायकोला सांगितलं की दुकानात गर्दी होती. तिने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अब्बा उपाशी बसले असतीन," म्हणाली. तेव्हा मी सांगितलं. सगळंच सांगितलं. ती ऐकत होती, आणि तिला धक्का बसत नव्हता.

"तुले मालूम होतं?"

"त्या बुखारानंतर वासच येत नाई त्याइले," ती म्हणाली. "दाल करपली तरी चुपचाप खाते. पह्यले फाटकातून सांगे, आज मेथी टाकली म्हनून. आता इचारते, आज काय बनवलं? मले वाटलं, तुमाले मालूम असन. तुमी रोज त्याइच्याजवळ बसता."

रोज बसत होतो. साथीच्या वेळी घरातल्या सगळ्यांनाच ताप आला होता, सगळ्यांचाच वास गेला होता आणि सगळ्यांचा परत आला. अब्बांचा आला की नाही हे मी कधी विचारलं नाही. अत्तरवाल्याला वास येतो का, असं कोण विचारतं? त्यानंतर लगेच मी ढेपीत पडलो आणि मला माझ्याच अंगाच्या वासाचं एवढं वेड लागलं की दुसऱ्या कुणाचं काही असू शकतं हे डोक्यातच आलं नाही. डबा शेवटी तीच घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आणि ते खाटेवरून उठले नाहीत. दुकान मी उघडलं. बसल्या बसल्या सुटे पैसे शोधायला गल्ल्याशेजारचा खण ओढला तर त्यात बिस्किटांचा एक डबा होता आणि डब्यात शीशा. काही भरलेल्या, काही अर्ध्या, सगळ्या बिनचिठ्ठीच्या. एक उघडली, केवडा. दुसरी, हिना. तिसरी खस. चांगला माल, जुना, महागाचा, आणि खणात पडलेला. मला कळायला वेळ लागला. ज्या ज्या शीशीला मी जेवताना "मले काय समजते" म्हणालो होतो, ती ती इथे आली होती. ते माझी परीक्षा घेत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं की शीशीत काय आहे. आणि ज्याची खात्री नाही ते गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, म्हणून ती त्यांनी बाजूला ठेवून दिली होती.

मी दुपारभर त्या शीशा हुंगत बसलो. माझं नाक ठणठणीत होतं. प्रत्येक शीशीला कागदाची पट्टी बांधून नाव लिहिलं आणि फळीवर लावली. आलेल्या गिऱ्हाइकांशी नीट बोललो नाही, एकाशी तर उगाच भांडलो.

त्यानंतरचा दिवस शुक्रवार होता. अब्बा उठले, अंघोळ केली, घरातल्या पेटीतून खिशातली शीशी भरली आणि मशिदीकडे निघाले. मीही निघालो, मागे अंतर ठेवून, आणि आमच्याच मशिदीत गेलो. पण पहिल्या सफेकडे जायची हिंमत झाली नाही. हात घासून घासून लाल झाले होते, तरी वास होताच. मी शेवटच्या ओळीत, चपलांच्या बाजूला बसलो.

अब्बा पुढून सुरुवात करून शीशी घेऊन येत होते. एका एकाचा हात धरून, बोट टेकवून. लोक मनगटं चोळत होते, नाकाशी नेत होते. "वाह चाचा." "माशाअल्लाह." मला बरं वाटलं. निदान हे तरी शाबूत आहे, असं मनात आलं. ते माझ्यापर्यंत आले, मला पाहून थबकले आणि मग इतरांसारखाच माझाही हात धरून बोट टेकवलं.

मी हात नाकाशी नेला. काही नव्हतं. परत नेला. ढेप होती, साबण होता, आणि बाकी काहीच नव्हतं. अत्तर पातळ करायला जे सादं, बिनवासाचं तेल लागतं ते त्या शीशीत होतं. पेटीत त्याची बाटली अत्तरांच्या बाटल्यांसारखीच दिसते, आणि बायकोने उंचीप्रमाणे लावल्यापासून ती मजमुआच्या जागेवर होती.

मी शेजाऱ्याकडे पाहिलं. तोच माणूस, जो त्या दिवशी सरकला होता, आज उशिरा येऊन मागे बसलेला. त्याने मनगट नाकापासून खाली घेतलं, माझ्या नजरेला नजर दिली आणि मान खाली घातली. मग मी पुढच्या ओळीकडे पाहिलं. सगळे हात चोळत होते. कुणाच्याच चेहऱ्यावर नवल नव्हतं. हे आजचं नव्हतं. सगळ्या मशिदीला माहीत होतं, आणि दर शुक्रवारी ते बिनवासाच्या तेलाला वाह म्हणत आले होते. मी तिकडे डिझेलच्या वासात उभा असताना.

अब्बा पुढे गेले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवत माझ्या बाजूला बसले, चपलांपाशी. शीशी त्यांच्या मुठीत होती.

"काय हाये ह्याच्यात?" त्यांनी हळू विचारलं.

मी परत मनगट नाकाशी नेलं.

"खरं सांग. त्या दिवशीसारखं नोको सांगू."

"काईच नाई, अब्बा. सादं तेल हाये."

त्यांनी मान हलवली. शीशी बोटांत फिरवली. पुढे खुतब्याची तयारी चालली होती, कुणी तरी पंखा सुरू केला.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

"मले मालूम नाई," मी म्हणालो. "मी इथं नव्हतो."

त्यांनी शीशीचं बूच लावलं आणि ती माझ्या खिशात टाकली. नमाजेला सगळे उठले तेव्हा मी सवयीने जरा अंतर ठेवून उभा राहिलो. अब्बांनी माझी बाही धरून मला जवळ ओढलं आणि खांद्याला खांदा लागेपर्यंत सोडली नाही.